विश्लेषण : चिमूटभर हळदीत लोह किती, शिसे किती?

चैत्र-वैशाखात शहापूर-मुरबाड पट्ट्यात घरोघरी वर्षाचा मसाला होतो. किन्हवलीच्या बाजारपेठेतून मिरची, धणे, खडा मसाला आणि हळकुंडे घरी येतात. उन्हात वाळतात, गिरणीवर जातात आणि पावसाच्या आधी बरण्यांत भरली जातात. हळकुंड निवडताना रंग पाहिला जातो. पिवळेधमक आणि गुळगुळीत ते चांगले, मळकट ते हलके, हा सर्वसाधारण समज. मात्र हळदीत नेमके काय आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यात लोह असते, पोटॅशियम असते, मँगनीज असते आणि कधीकधी शिसेही असते. हे सगळे एकाच नमुन्यातून, एकाच यंत्रावर मोजता येते. तरीही लोहाच्या आकड्याची जाहिरात होते आणि शिशाचा आकडा ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. प्रत्यक्षात ताटातल्या हळदीपुरता विचार केला तर लोहाचा आकडा जवळपास निरुपयोगी आहे, शिशाचा मात्र जीवनमरणाचा.

हळदीत कोणती खनिजे असतात?

हळद हे जमिनीखाली वाढणारे कंद. मातीतून पाणी घेताना ते मातीतील खनिजेही घेते. त्यांचे ढोबळ दोन गट पडतात. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस ही भरपूर प्रमाणात असणारी खनिजे. लोह, जस्त, मँगनीज, तांबे ही अल्प प्रमाणात असणारी, म्हणजे सूक्ष्म मूलद्रव्ये.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या पोषण सारणीनुसार १०० ग्रॅम हळद पुडीत पोटॅशियम सुमारे २०८० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम २०८, कॅल्शियम १६८, लोह ५५, मँगनीज २० आणि जस्त साडेचार मिलिग्रॅम असते. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांच्या नव्या सारण्या प्रसिद्ध केल्या. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थांचे विश्लेषण त्यासाठी करण्यात आले.

कोणत्याही सारणीतील आकडा ही सरासरी असते. जमीन, जात, खत आणि प्रक्रिया बदलली की आकडा बदलतो. शिवाय जास्त लोह म्हणजे उत्तम हळद, असेही नाही. कंदाला चिकटून राहिलेली माती आणि दळताना झिजणारे गिरणीचे लोखंडही त्या आकड्यात मिसळते. म्हणूनच प्रयोगशाळा राखेची चाचणी करतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) मानकानुसार हळद पुडीची एकूण राख ९ टक्क्यांपेक्षा आणि आम्लात न विरघळणारी राख दीड टक्क्यापेक्षा जास्त नसावी. आम्लात न विरघळणारी राख म्हणजे मुख्यतः वाळू आणि माती.

मग हळदीतून लोह मिळते का?

मिळते, पण नगण्य. ‘१०० ग्रॅममध्ये ५५ मिलिग्रॅम लोह’ हा आकडा समाजमाध्यमांवर फिरतो, तेव्हा हळद म्हणजे लोहाची खाण वाटते. पण १०० ग्रॅम हळद एका दिवसात कोणी खात नाही. वरण, भाजी, कालवण सगळे धरून एका माणसाच्या पोटात दिवसाला साधारण एक ग्रॅम हळद जाते असे समजू. त्यातून लोह मिळेल अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे हळदीचा वाटा शेकडा दोनही भरत नाही. त्यातही वनस्पतीजन्य लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. कॅल्शियमची गोष्ट तशीच. एक ग्रॅम हळदीत ते पावणेदोन मिलिग्रॅमच्या घरात आणि गरज रोज १००० मिलिग्रॅमची.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के आहे. ही कमतरता हळदीने भरून निघणार नाही. त्यासाठी नाचणी, पालेभाज्या, कडधान्ये, सुकट, अंडी-मांस आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या हाच मार्ग आहे. हळद चवीसाठी आणि रंगासाठी खावी.

इतक्या थोड्या हळदीत शिशाची चिंता कशाला?

कारण शिशाचे मोजमापच वेगळे आहे. लोह शरीराला मिलिग्रॅममध्ये लागते. शिसे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागातही घातक ठरते. शरीराला शिशाचा काहीही उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. बुद्ध्यांक घटतो, लक्ष लागत नाही. मोठ्यांमध्ये रक्तदाब, मूत्रपिंड आणि हृदयाचे विकार वाढतात. शिसे हाडांत साठते आणि गरोदरपणी तिथून पुन्हा रक्तात येऊन गर्भापर्यंत पोहोचते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आहारातून जाणाऱ्या शिशासाठी २०२२ मध्ये संदर्भ पातळी ठरवली. ती मुलांसाठी दिवसाला २.२ आणि गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम आहे. ही पातळी दिवसभराच्या सगळ्या खाण्यापिण्याची मिळून आहे.

आता एक साधा हिशेब. हळदीच्या एका किलोत एक ग्रॅम लेड क्रोमेट मिसळले, तर त्यात सुमारे ६४० मिलिग्रॅम शिसे आले, कारण लेड क्रोमेटच्या वजनात ६४ टक्के शिसेच असते. अशी हळद एखाद्या मुलाने दिवसाला अर्धा ग्रॅम खाल्ली, तर त्याच्या पोटात ३२० मायक्रोग्रॅम शिसे जाईल. संदर्भ पातळीच्या जवळपास दीडशे पट.

लेड क्रोमेट हळदीत येते कुठून?

लेड क्रोमेट हा चमकदार पिवळा रंग. फर्निचर, यंत्रे, रस्त्यावरचे पट्टे रंगवण्याच्या रंगांत तो वापरला जात आला आहे. हळद काढल्यावर ती शिजवतात, उन्हात वाळवतात आणि मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. पॉलिशने वरची खरबरीत साल निघते आणि पिवळेपणा दिसतो. पाऊस लागलेली, नीट न वाळलेली किंवा जुनी हळद मळकट दिसते आणि तिला भाव मिळत नाही. पॉलिशच्या वेळीच चिमूटभर रंग टाकला की ती हळकुंडे ताजी वाटतात. भेसळीचे मूळ या भावातील फरकात आहे. पिवळे तेवढे चांगले मानणाऱ्या ग्राहकाची नजरही नकळत या व्यवहाराला बळ देते.

शिसे इतर वाटांनीही येऊ शकते. दूषित जमीन, जुने रंग, शिसे असलेली यंत्रे ही काही कारणे. मात्र त्यातून येणारे प्रमाण सहसा थोडे असते. किलोमागे शेकडो मिलिग्रॅम शिसे सापडले, तर ते मातीतून आलेले नसते.

हे सगळे मोजतात कसे?

पहिली पायरी नमुना घेण्याची आणि तीच सर्वांत जास्त चुकते. पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठभर हळद म्हणजे सबंध पोते नव्हे. वेगवेगळ्या ठिकाणची हळद घेऊन, एकत्र करून, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि बाकीचे सोडायचे, असे करत नमुना लहान केला जातो. मग तो वाळवून बारीक करतात. ज्या भांड्यात बारीक करायचे, त्या भांड्याचेच लोखंड नमुन्यात उतरणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

दुसरी पायरी पचनाची. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पूड नायट्रिक आम्लात घालून बंद भांड्यात उच्च तापमानाला तापवतात. तेल, पिष्ट, कुरकुमिन असे सगळे सेंद्रिय घटक जळून जातात आणि मूलद्रव्ये द्रावणात उरतात. ते गाळून ठरावीक आकारमानापर्यंत विरळ करतात.

तिसरी पायरी मोजणीची. त्यासाठी मुख्यतः तीन प्रकारची यंत्रे वापरली जातात. अणू शोषण पद्धतीत, म्हणजे ‘एएएस’मध्ये, द्रावणाचा फवारा ज्योतीत किंवा तापलेल्या नळीत सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषते. लोह २४८.३ नॅनोमीटरचा, तर शिसे २८३.३ नॅनोमीटरचा. प्रकाश किती कमी झाला, त्यावरून प्रमाण कळते. दुसरे यंत्र ‘आयसीपी-एमएस’. त्यात द्रावण हजारो अंश तापमानाच्या आरगॉन प्लाझ्मात जाते, अणूंचे आयन होतात आणि त्यांच्या वस्तुमानानुसार ते मोजले जातात. एकाच वेळी अनेक मूलद्रव्ये आणि अतिशय अल्प प्रमाणही यात सापडते. तिसरे ‘एक्सआरएफ’. यात पचनाची गरज नाही. क्ष-किरणांचा मारा केला की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या खुणेचे किरण परत टाकते. हातात धरण्याजोगे असे यंत्र बाजारातच, पोत्याशेजारी उभे राहून काही मिनिटांत उत्तर देते. अगदी अल्प प्रमाण त्याला नेमके पकडता येत नाही, पण भेसळीचे मोठे प्रमाण सहज पकडता येते.

आकडा खरा कशावरून मानायचा?

यंत्राने दिलेला प्रत्येक आकडा खरा नसतो. त्यामुळे चांगली प्रयोगशाळा तीन गोष्टी करते. हळद न घालता नुसत्या आम्लावर सगळी प्रक्रिया करून ती ‘कोरी चाचणी’ घेते. म्हणजे आम्लातून किंवा भांड्यातून किती शिसे आले, ते कळते. ज्याचे प्रमाण आधीच प्रमाणित आहे, असा संदर्भ नमुना ती सोबत तपासते. तो बरोबर आला, तरच बाकीच्या आकड्यांवर भरवसा ठेवते. आणि एकच नमुना दोन-तीन वेळा तपासून उत्तरे जुळतात का, हे पाहते.

अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ शून्य असा होत नाही. त्या पद्धतीला दिसू शकेल, त्यापेक्षा कमी आहे, एवढाच होतो. म्हणून शोधमर्यादा लिहिलेली नसेल, तर तो अहवाल अपुरा समजावा. एककाकडेही लक्ष हवे. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, म्हणजेच किलोमागे एक मिलिग्रॅम. लोहाचे प्रमाण १०० ग्रॅममागे आणि शिशाचे किलोमागे लिहिले जाते. दोन्ही आकडे शेजारी ठेवताना ही दहा पटींची तफावत ध्यानात ठेवावी लागते.

शिसे मातीतले की रंगातले, हे कसे कळते?

याचे उत्तर दोन मूलद्रव्ये एकत्र मोजण्यात आहे. लेड क्रोमेटमध्ये शिशाचा एक अणू आणि क्रोमियमचा एक अणू असतो. वजनात पाहिले तर शिसे क्रोमियमच्या सुमारे चौपट. त्यामुळे हळदीत शिसे आणि क्रोमियम दोन्ही वाढलेले आणि त्यांचे वजनी प्रमाण चारास एक असे आले, तर तो रंगच, असा निष्कर्ष जवळपास पक्का होतो. माती किंवा गिरणीतून आलेले शिसे असे ठरलेले प्रमाण पाळत नाही.

या पद्धतीचे अलीकडचे ठळक उदाहरण अमेरिकेतले. २०२३ मध्ये तिथे दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराची पाकिटे खाल्लेल्या शेकडो मुलांच्या रक्तात शिसे आढळले. दालचिनीच्या दोन नमुन्यांत शिसे ५११० आणि २२७० पीपीएम, तर क्रोमियम १२०१ आणि ५३१ पीपीएम निघाले. भागाकार केला तर दोन्हींचे उत्तर चारच्या किंचित वर येते. लेड क्रोमेटचा संशय त्यातूनच बळावला. त्या तपासात नुसते शिसे मोजले असते, तर दालचिनीत विष आहे एवढेच कळले असते. ते कुठून आले, हे क्रोमियमने सांगितले.

दक्षिण आशियात हळदीबाबत काय आढळले?

बांगलादेशच्या ग्रामीण भागातील गर्भवतींच्या रक्तात शिसे जास्त असल्याचे संशोधकांना आढळले. तिथे आसपास कारखाने नव्हते, शिशाचे पेट्रोलही बंद झाले होते. शोध घेत घेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्सिथ आणि ढाक्यातील आयसीडीडीआर,बी या संस्थेतील सहकारी हळदीपर्यंत पोहोचले. रक्तातील शिशाचे समस्थानिक आणि हळदीतील रंगातील शिशाचे समस्थानिक जुळले. १९८० च्या दशकातील पुरानंतर ओली, मळकट हळद खपवण्यासाठी रंग वापरण्याची सवय लागल्याचे व्यापारी आणि प्रक्रिया करणाऱ्यांच्या मुलाखतींतून समोर आले. २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

त्यानंतर २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळमधील २३ शहरांतील हळदीच्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसे २ पीपीएमपेक्षा जास्त होते. पाटणा, कराची आणि पेशावर येथील काही नमुन्यांत ते १००० पीपीएमच्याही पुढे गेले. जास्त शिसे असलेल्या नमुन्यांत शिसे आणि क्रोमियमचे अणू साधारण सारख्याच संख्येने सापडले. म्हणजे पुन्हा तोच रंग. या अभ्यासाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. बहुसंख्य नमुने स्वच्छ होते. म्हणजे शिशाशिवाय हळद पिकते, वाळते आणि विकलीही जाते.

नियम काय सांगतो?

भारताच्या नियमांनुसार हळदीत लेड क्रोमेट अजिबात चालत नाही. त्याची चाचणी नकारात्मकच यायला हवी. शिशाची कमाल मर्यादा मात्र १० पीपीएम आहे. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कंद आणि मुळांच्या मसाल्यांसाठी हीच मर्यादा दीड पीपीएम ठरवली.

फरक फक्त कागदावरचा नाही. १० पीपीएम शिसे असलेली, म्हणजे आपल्या नियमात पूर्णपणे बसणारी हळद मुलाने दिवसाला अर्धा ग्रॅम खाल्ली, तर त्याच्या पोटात ५ मायक्रोग्रॅम शिसे जाते. अमेरिकेच्या २.२ मायक्रोग्रॅम या पातळीच्या दुपटीहून जास्त, आणि तेही एका हळदीतूनच. दीड पीपीएमची हळद असेल, तर हा आकडा पाऊण मायक्रोग्रॅमवर येतो. त्यातच युरोपात हळद कधीमधी खाल्ली जाते, आपल्याकडे दोन्ही वेळा. जिथे हळद जास्त खाल्ली जाते, तिथे मर्यादा अधिक कडक हवी. आपल्याकडे उलटे आहे. निर्यातीची हळद दीड पीपीएमच्या चाळणीतून जाते आणि किन्हवलीच्या घरात येणाऱ्या हळदीला दहाची सूट मिळते.

रक्तक्षयाचा आणि शिशाचा काय संबंध?

लोहाचा आणि शिशाचा आकडा एकत्र वाचायला हवा, तो इथे. आतड्यातून लोह शोषून घेणारी वाहक यंत्रणा शिसेही आत घेते. शरीरात लोह कमी असले की ही यंत्रणा अधिक जोमाने काम करते. त्यामुळे रक्तक्षय असलेल्या मुलाच्या शरीरात शिसे जास्त शोषले जाते. आत गेलेले शिसे पुन्हा हिमोग्लोबिन तयार होण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणते.

म्हणजे सारखीच हळद खाणाऱ्या दोन मुलांपैकी ज्याचे पोषण कमी, त्याला विष जास्त लागते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी वस्त्या मोठ्या संख्येने आहेत. ज्या घरांत पोषणाचा प्रश्न आधीच बिकट आहे, त्या घरांत सुटी, स्वस्त हळदच परवडते. मुलांचा एक घास अंगणवाडीत आणि शाळेतील पोषण आहारातही असतो. त्या खिचडीतील हळदीचा अहवाल हा म्हणूनच निव्वळ कागदोपत्री विषय नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० मधील अहवालानुसार रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे असलेली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले एकट्या भारतात आहेत. शिशाचे स्रोत अनेक आहेत. बॅटऱ्यांची भंगारप्रक्रिया, रंग, भांडी हे त्यांपैकी मोठे. पण मसाला हा असा स्रोत आहे, जो ठरवले तर लवकर बंद करता येतो.

महाराष्ट्राची जबाबदारी कोणती?

हळद हे महाराष्ट्राचे मोठे नगदी पीक आहे. सांगली ही देशातील हळदीच्या प्रमुख बाजारपेठांपैकी एक. शेजारच्या हरिपूरची हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे प्रसिद्ध आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वर्धा जिल्ह्यातील वायगाव आणि हिंगोली जिल्ह्यातील वसमत येथील हळदीलाही ते मिळाले आहे. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचे काम निजामाबादमध्ये सुरू झाले.

मानांकन म्हणजे शुद्धतेचा दाखला नव्हे. तो प्रदेशाच्या नावाचा दाखला आहे. हळदीचा दर्जा ठरवताना आज कुरकुमिनचे प्रमाण पाहिले जाते, आर्द्रता पाहिली जाते. तिथेच शिसे आणि क्रोमियमचे दोन आकडे जोडले, तर प्रामाणिक शेतकऱ्याचाच फायदा होईल. आपली हळद स्वच्छ आहे, हे त्याला आकड्याने सिद्ध करता येईल. आज रंग लावलेल्या हळकुंडाशी त्याच्या हळदीला निव्वळ दिसण्यावर स्पर्धा करावी लागते आणि त्या स्पर्धेत खरी हळद हरते.

ग्राहकाच्या हातात काय आहे?

एफएसएसएआयने सांगितलेली घरगुती चाचणी सोपी आहे. काचेच्या पेल्यातील पाण्यात हळकुंड टाकावे. शुद्ध हळकुंड पाण्याला रंग देत नाही, लेड क्रोमेट लावलेले लगेच रंग सोडते. पूड असेल तर चमचाभर पाण्यात टाकावी. शुद्ध पूड तळाशी बसताना पाणी फिके पिवळे होते, रंगवलेली असेल तर गडद. ही चाचणी ठळक भेसळ दाखवते, थोडे प्रमाण दाखवत नाही. त्यामुळे चाचणीत नापास झालेली हळद वापरू नये, पण पास झाली म्हणून ती शिसेमुक्तच आहे असेही समजू नये.

खरेदीत एवढे पाळता येईल. अति चकचकीत, एकसारखी पिवळी हळकुंडे टाळावीत. हळकुंड मोडून पाहावे. बाहेरचा रंग आतल्या रंगापेक्षा भडक असेल, तर शंका घ्यावी. दळण्यापूर्वी हळकुंडे धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावीत. शक्य असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली हळद घ्यावी. सुटी पूड घेण्यापेक्षा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असलेले पाकीट बरे, कारण तक्रार करायची झाली तर माग काढता येतो.

फारसा माहीत नसलेला एक अधिकारही आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. खरेदी करतानाच विक्रेत्याला तशी कल्पना द्यावी लागते. पदार्थ नियमबाह्य निघाला, तर शुल्क परत मिळते. मात्र एका कुटुंबाला पाव किलो हळदीसाठी हे परवडणारे नाही. एखादा बचत गट, ग्रामपंचायत किंवा शाळा व्यवस्थापन समिती गावासाठी एकच नमुना पाठवू शकते. पाठवताना शिसे आणि क्रोमियम, दोन्ही तपासण्याची मागणी लेखी करावी.

आणि सरकारच्या?

बांगलादेशचा धडा स्पष्ट आहे. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. सरकारने जाहीर इशारे दिले, बाजारात पत्रके लावली. ढाक्याच्या घाऊक बाजारात अधिकारी हातातले एक्सआरएफ यंत्र घेऊन गेले आणि दोषी व्यापाऱ्यांना तिथल्या तिथे दंड केला. २०२० मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये शून्यावर आले. हळद गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही घटले. यासाठी नवा कायदा लागला नाही. आहे त्या कायद्यासाठी पोत्याजवळ उभे राहून मोजणारे यंत्र लागले.

महाराष्ट्रात हे करणे आणखी सोपे आहे. किन्हवलीपर्यंत येणारी किराण्याची बरीचशी वाट वाशीच्या मसाला बाजारातून किंवा कल्याण-भिवंडीच्या घाऊक दुकानांतून येते. गावोगावच्या शेकडो दुकानांत नमुने घेत फिरण्यापेक्षा अशा मोजक्या घाऊक ठिकाणी आणि सांगली, वसमतच्या बाजार समित्यांत यंत्रे ठेवणे स्वस्त पडेल. संशयित नमुना तेवढा आयसीपी-एमएससाठी पुढे पाठवावा. तपासणीचे निकाल बाजारनिहाय, दर महिन्याला मराठीत जाहीर व्हावेत. शालेय पोषण आहाराच्या मसाल्यांना शिशाच्या अहवालाची अट असावी. आणि शिशाची १० पीपीएमची मर्यादा खाली आणण्याचा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा.

तालुक्याच्या पातळीवरही बरेच करता येते. लेड क्रोमेटची प्राथमिक चाचणी अवघड नाही. हळदीची राख करून ती सौम्य गंधकाम्लात विरघळवायची, गाळायची आणि डायफिनाइलकार्बाझाइडचे थेंब टाकायचे. गुलाबी रंग आला, तर क्रोमेट आहे. भट्टी आणि ही रसायने असलेल्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात ती होऊ शकते. शहापूर-मुरबाड भागातील महाविद्यालयांनी मसाल्याच्या हंगामात आठवड्यातून एक दिवस हे काम घेतले, तर विद्यार्थ्यांचा प्रकल्प होईल आणि गावाला उत्तर मिळेल. संशय आलेला नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावा, दुकानदाराचे नाव परस्पर जाहीर करू नये. प्राथमिक चाचणी इशारा देते, गुन्हा सिद्ध करत नाही.

हळद शुभ मानली जाते. बाळंतिणीच्या पथ्यात ती असते, जखमेवर ती लागते, नवरा-नवरीच्या अंगावर ती चढते. त्या विश्वासामुळेच तिची तपासणी करावी असे कोणाला सुचत नाही. तपासणीने हळदीचा मान कमी होत नाही. पावसाआधी भरलेली बरणी वर्षभर पुरते आणि तिच्यातली हळद रोज घरातल्या सर्वांत लहान ताटातही पडते. ती बरणी भरण्यापूर्वी शिशाचा आकडा मिळणे हा त्या घराचा हक्क आहे, आणि तो आकडा मोजण्याची साधने राज्यात आजच उपलब्ध आहेत.